पाणी जातंय कुठे ते आधी शोधा, मग कूलंट बदला

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

सासऱ्यांनी सात वर्षं वापरलेली पेट्रोल गाडी गेल्या वर्षी माझ्याकडे आली. ९२ हजार किलोमीटर झालेत. कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) बाटलीतली पातळी साधारण तीन आठवड्यांत वरच्या खुणेवरून खालच्या खुणेवर येते, मग मी वरून भरते. सासरे म्हणतात, "साधं पाणी घाल, आम्ही जन्मभर तेच घातलं, कुठली गाडी बंद पडली?" धाकटा भाऊ म्हणतो, रंग चहासारखा झालाय म्हणजे सगळं खराब झालं, क्लीनर टाकून फ्लश कर, म्हणजे आतून सगळं धुऊन काढ. गॅरेजवाले म्हणतात, जुन्या गाडीत फ्लशच्या भानगडीत पडू नका, गळती सुरू होते. कूलंट शेवटचं कधी बदललं ते सासऱ्यांना आठवत नाही. पाना-पक्कड हातात धरायची मला भीती वाटत नाही, हे काम स्वतः करायची इच्छा आहे. पण इंजिन बिघडू नये आणि सासऱ्यांचा शब्द मोडल्यासारखंही होऊ नये. काय करू?

उत्तर:

तुम्ही तिघांची मतं कळवलीत आणि तिघांच्याही म्हणण्यात थोडंथोडं तथ्य आहे. पण पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही ओघात लिहून गेलात: तीन आठवड्यांत पातळी खालच्या खुणेवर येते. ही गोष्ट तुम्ही गाडीचा स्वभाव म्हणून धरून चालला आहात. तो स्वभाव नाही, तो आजार आहे.

कूलंट बंद वाटेने फिरतं. इंजिन ऑइल थोडंफार जळतं, पॅड झिजतात तसं ब्रेक ऑइल बाटलीत खाली जातं, पण कूलंटला खर्च होण्याचं कारणच नाही. वर्षभरात बोटभर फरक पडला तर सोडून द्यावा. दोन खुणांमधलं माप गाडीगणिक बदलतं; आपण अंदाजाने ३०० मिलि. धरू. तेवढं दर तीन आठवड्यांनी जात असेल, तर ते कुठून तरी बाहेर तरी पडतंय किंवा इंजिनात तरी जळतंय. अशा गाडीत नवं कूलंट भरलंत तर तेही त्याच वाटेने जाईल. म्हणून फ्लश करावा की नाही, हा प्रश्न दोन आठवडे बाजूला ठेवा.

या दोन आठवड्यांत काय करायचं ते सांगतो. सकाळी, रात्रभर थंड झालेलं इंजिन आणि सपाट जागा बघून, बाटलीवर पातळीच्या बरोबर रेषेत चिकटपट्टी लावा आणि तिच्यावर तारीख व किलोमीटर लिहा. रात्री इंजिनाखाली मोठा पुठ्ठा पसरा. एसीचं पाणीही खाली ठिबकतं, पण त्याला रंग नसतो, वास नसतो. कूलंट दोन बोटांत चोळलं की बुळबुळीत लागतं आणि त्याला गोडसर वास येतो. (वास घ्या, चव मात्र चुकूनही घेऊ नका. ते विष आहे, त्याबद्दल पुढे लिहितोच.) गाडीखाली प्लास्टिकचं आवरण असेल तर थेंब त्यातच साचतात आणि पुठ्ठा कोरडा राहतो, एवढं लक्षात ठेवा.

पुठ्ठ्यावर काही मिळालं नाही तरी टॉर्च घेऊन सुकलेले डाग शोधा. गरम इंजिनावर पाणी उडून जातं आणि मागे पांढरट, हिरवट किंवा गुलाबी पापुद्रा राहतो. होज पाइपच्या क्लिपांपाशी बघा. रेडिएटरची ॲल्युमिनिअमची जाळी आणि प्लास्टिकची टाकी जिथे जोडलेली असते, ती कड सगळी फिरून बघा. सात-आठ वर्षांच्या गाडीत तिथे बारीक पाझर असणं अगदी नेहमीचं. वॉटर पंपाच्या अंगावर, शाफ्टच्या खालच्या बाजूला, एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील झिजलं की पहिला थेंब तिथून येतो. त्या भोकाखाली ओघळ सुकलेला दिसला तर पंपाचे दिवस भरत आलेत असं समजा. गाडीच्या आत हीटर चालू केल्यावर गोडसर वास येत असेल, पुढची काच आतून तेलकट धुरकट होत असेल किंवा डॅशबोर्डखालचा गालिचा दमट असेल, तर हीटरचा छोटा रेडिएटर गळतोय.

आणि झाकण. रेडिएटरच्या किंवा बाटलीच्या प्रेशर कॅपकडे कोणी बघतच नाही. त्यावर ०.९ बार, १.१ बार असं काहीतरी छापलेलं असतं. तेवढा दाब आत धरून ठेवणं हे त्याचं काम. रबर कडक होऊन चिरलं की दाब टिकत नाही, पाणी लवकर उकळतं आणि वाफ होऊन निघून जातं. झाकण बदलायचं तर त्याच आकड्याचं घ्या. जास्त आकड्याचं लावलं म्हणजे जास्त चांगलं असं नाही, उलट जुन्या होजवर ताण येतो.

एवढं करूनही हाती काही लागलं नाही, तर गॅरेजमध्ये प्रेशर टेस्ट करून घ्या. थंड इंजिनावर झाकणाच्या जागी हातपंप आणि मीटर लावतात, झाकणावर लिहिलाय तेवढाच दाब भरतात आणि पंधरा मिनिटं काटा बघतात. काटा उतरला आणि बाहेर ओल दिसली, तर गळती सापडली. काटा उतरला आणि बाहेर सगळं कोरडं, तर हीटर किंवा हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील) यांच्यावर संशय जातो. हेड गॅस्केट फुटलं असेल तर इंजिन चालू असताना बाटलीत सतत बुडबुडे येतात, थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरातच वरचा होज दगडासारखा कडक होतो, किंवा इंजिन गरम झाल्यावरही मागून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहतो. याची चाचणी सोपी आहे. निळ्या द्रवाच्या नळीतून बाटलीतली हवा ओढतात. जळालेला वायू त्यात असेल तर निळ्याचं पिवळं होतं. असं निघालं तर फ्लशचा विचार सोडा आणि गाडी चालवणंही थांबवा.

तुमच्या बाबतीत होज, झाकण, पंप किंवा रेडिएटर यांतलं काहीतरी निघण्याची शक्यता मला जास्त वाटते. त्यातलं झाकण सोडलं तर कुठलंही काम करताना कूलंट काढावंच लागतं. म्हणजे दुरुस्ती आणि कूलंट बदलणं एकाच दिवशी होईल.

आता सासऱ्यांच्या साध्या पाण्याकडे वळू. त्यांचा अनुभव खोटा नाही. जुनी इंजिनं ओतीव लोखंडाची, रेडिएटर तांब्या-पितळेचे, आतल्या वाटा रुंद. थोडा गंज चढला तरी ती चालत राहायची. आजच्या इंजिनाचं हेड ॲल्युमिनिअमचं, रेडिएटर ॲल्युमिनिअमचा, त्यातल्या नळ्या चपट्या आणि अरुंद, शिवाय बऱ्याच इंजिनांत ब्लॉक लोखंडाचा. असे वेगवेगळे धातू एकाच पाण्यात बुडवून ठेवले की गंज धरायला वेळ लागत नाही. तो धरू नये म्हणून कूलंटमध्ये गंजरोधक रसायनं घातलेली असतात. कूलंटचं खरं काम फक्त थंड करणं हे नाहीच. उष्णता वाहून नेण्यात साधं पाणी कूलंटमधल्या ग्लायकॉल या मुख्य रसायनाच्या मिश्रणापेक्षा सरस आहे! पण पाणी गोठतं, लवकर उकळतं आणि धातू खातं. निम्मं इथिलीन ग्लायकॉल आणि निम्मं पाणी घेतलं की ते उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही आणि उघड्यावर सुमारे १०७ अंशांना उकळतं. एक बारच्या झाकणाखाली उकळण्याचा आकडा १२५ च्या पुढे जातो.

नळाच्या पाण्याचं दुखणं आणखी वेगळं. त्यातले कॅल्शिअम-मॅग्नेशिअमचे क्षार गरम धातूवर थर धरतात, म्हणजे पाणी तापवायच्या भांड्याला आतून पांढरं पुटं चढतं तसंच. हा थर नेमका तिथे बसतो जिथे धातू सगळ्यात जास्त तापतो, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपास. त्यातले क्लोराइड ॲल्युमिनिअमला बारीक खड्डे पाडतात.

आणि वर्षभर पाणी घालत राहिलं की काय होतं, ते एकदा आकड्यांत बघा. समजा सिस्टिममध्ये ६ लिटर मावतं आणि सुरुवातीला निम्मं ग्लायकॉल होतं. दर तीन आठवड्यांनी ३०० मिलि. गळतं आणि तेवढंच पाणी घातलं जातं. प्रत्येक वेळी आतल्या कूलंटचा विसावा भाग जातो. वर्षात असं सतरा वेळा होतं. वर्षअखेरीस ग्लायकॉलचं प्रमाण ५० टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर येतं, आणि गंजरोधक रसायनंही त्याच प्रमाणात घटतात. तुमच्या बाटलीतला चहाचा रंग कशामुळे आला असावा, याचा अंदाज इथे येतो.

अर्थात रंगावरून निकाल देऊ नका, हे तुमच्या भावाला सांगायला हवं. कूलंटचा हिरवा, गुलाबी, निळा, केशरी रंग हा नुसता घातलेला रंग असतो. कुठला रंग म्हणजे कुठलं रसायन, असा सगळ्या कंपन्यांनी पाळलेला नियम नाही. एकाचं गुलाबी दुसऱ्याच्या गुलाबीशी जुळेलच असं नाही. तजेलदार दिसणारं कूलंट आतून संपलेलं असू शकतं. दोन रंग मिसळूनही तपकिरी होतो. म्हणून थंड इंजिनातून थोडं कूलंट स्वच्छ काचेच्या बाटलीत काढा, तासभर ठेवा आणि उजेडासमोर धरा. तळाशी लालसर गाळ बसला तर तो गंज. दाण्यांसारखं किंवा जेलीसारखं काही दिसलं तर दोन न जुळणारी कूलंटं एकत्र झाली असावीत. वर तेलाचा तवंग किंवा दुधाळ साय दिसली तर इंजिन किंवा गिअरबॉक्सचं तेल आत येतंय. तो दुरुस्तीचा विषय आहे, धुण्याचा नाही.

मोजायची साधनं दोन. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर एक थेंब टाकला की ग्लायकॉल किती आणि किती अंशांना गोठेल ते कळतं. पण हा आकडा चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नका. ग्लायकॉल वर्षानुवर्षं टिकतं, त्यातली गंजरोधक रसायनं आधी संपतात, आणि जुनं झालेलं ग्लायकॉल हळूहळू आम्ल बनवायला लागतं. ते बघायला कूलंटच्या चाचणीपट्ट्या मिळतात. नवं कूलंट अल्कधर्मी असतं, बहुतेकांचा पीएच ८ ते ११ मध्ये. ७ च्या खाली आलं तर वाट बघण्यात अर्थ नाही.

बदलायचं कधी, याचं पहिलं उत्तर गाडीच्या पुस्तिकेत असतं आणि तेच शेवटचं धरावं. ढोबळ अंदाज हवा असेल तर सिलिकेट-फॉस्फेटवर चालणारी जुन्या पद्धतीची कूलंटं साधारण दोन वर्षं किंवा ४०-५० हजार किलोमीटर टिकतात. सेंद्रिय आम्लांची, दीर्घ आयुष्याची कूलंटं पाच वर्षं आणि काही त्याहून जास्त. कंपनीतून भरून आलेलं कूलंट पहिल्यांदा जास्त चालतं, नंतरच्या खेपांना मुदत कमी, असं बऱ्याच पुस्तिकांत लिहिलेलं असतं. "लाइफटाइम" या शब्दावर मात्र विसंबू नका. तुमच्याकडे तारीख नाही, पाणी किती घातलं त्याची नोंद नाही, रंग तपकिरी आहे. अशा गाडीचं कूलंट चाचणीची फार वाट न बघता बदलावं.

गॅरेजवाल्यांची भीती कुठून आली, तेही सांगतो. जुन्या गंजाच्या आणि क्षारांच्या पुटामुळे कधीकधी बारीक भोक बुजलेलं असतं. आम्लाचा कडक क्लीनर टाकला किंवा यंत्राने जोरात उलटं पाणी मारलं की पुटं निघतं आणि भोक उघडं पडतं. फ्लशने भोक पाडलं नाही, पण दिवस तोच असल्याने दोष त्याच्या माथी येतो. दुसरी गोष्ट जास्त खरी आहे: सुटलेला गाळ धड बाहेर न काढता पुढे ढकलला तर तो हीटरच्या अरुंद नळ्यांत जाऊन बसतो. म्हणून तुमच्यासाठी मधला मार्ग चांगला. क्लीनर नको, यंत्र नको. डिस्टिल्ड वॉटर भरायचं, इंजिन गरम करायचं, थंड करायचं, काढायचं, आणि हे तीनदा करायचं. तिसऱ्या पाण्यातही गाळ येत राहिला तरच क्लीनरचा विचार करावा. तो कूलिंग सिस्टिमसाठी म्हणून विकला जाणारा, ॲल्युमिनिअमला चालणारा असावा, आणि नंतर त्याचा अंशही आत राहू नये इतकं धुवावं.

तीनदा का? कारण खालचा नळ उघडला की सगळं कूलंट येतच नाही. रेडिएटर रिकामा होतो, पण इंजिन ब्लॉक आणि हीटरमध्ये बरंच राहतं. ६ लिटरच्या सिस्टिममधून पुष्कळदा ३ च बाहेर येतं. एकदा काढून पाणी भरलं की जुनं निम्मं उरतं, दुसऱ्यांदा पाव, तिसऱ्यांदा साडेबारा टक्के. चौथ्यांदा काढून नवं कूलंट भरलं की जुन्याचा अंश सहा टक्क्यांच्या आसपास राहतो आणि तेवढा चालतो. या हिशेबाने ९ लिटर डिस्टिल्ड वॉटर आणि ३ लिटर न मिसळलेलं, घट्ट कूलंट लागेल. ब्लॉकला स्वतंत्र ड्रेन प्लग असेल आणि तो सहज निघत असेल, तर खेपा कमी होतील. गंजून बसला असेल तर जोर लावू नका, तीन खेपांनी काम होतं.

पुढची चूक मोठ्या काळजीने काम करणारे लोकही करतात, म्हणून इथे थांबून वाचा. धुऊन झाल्यावर ब्लॉकमध्ये ३ लिटर साधं पाणी उरलेलं असतं. त्यावर बाजारातलं तयार, निम्मं पाणी घातलेलं कूलंट ३ लिटर ओतलं, तर आत ५० टक्के होत नाही, २५ च होतं. पुस्तिकेत एकूण क्षमता बघा, तिच्या निम्मं घट्ट कूलंट आधी भरा आणि उरलेल्या जागेत डिस्टिल्ड वॉटर. ४ लिटर बाहेर आलं असेल तर ३ लिटर घट्ट आणि १ लिटर पाणी. अडीचच लिटर आलं तर अडीच लिटर घट्ट भरा. प्रमाण ४२ टक्क्यांच्या आसपास बसेल, कडाक्याची थंडी नसेल तर ते पुरतं. यासाठी बाहेर आलेलं पाणी दर वेळी मोजायला हवं, म्हणून मापाच्या खुणा असलेली बादली घ्या. नुसतं घट्ट कूलंट भरून "जास्त चांगलं" करायचा मोहही टाळा. शुद्ध इथिलीन ग्लायकॉल उणे १३ अंशांनाच गोठतं आणि उष्णताही कमी वाहून नेतं.

कूलंट निवडताना बाटलीच्या मागची बाजू वाचा. तुमच्या गाडीच्या कंपनीने पुस्तिकेत दिलेला स्पेसिफिकेशनचा क्रमांक तिथे छापलेला हवा. एएसटीएम डी ३३०६ किंवा जेआयएस के २२३४ यांसारखी मानकं लिहिलेली असली तर ते कूलंट किमान दर्जाचं आहे एवढं कळतं. तुमच्या इंजिनाला ते जुळतं का, हे कंपनीच्या क्रमांकावरूनच ठरतं.

आता प्रत्यक्ष काम. इंजिन पूर्ण थंड हवं, म्हणजे गाडी किमान चार-पाच तास उभी असलेली. गरम इंजिनाचं झाकण उघडलं की दाब एकदम जातो, शंभर अंशांच्या वर गेलेलं पाणी त्याच क्षणी उकळतं आणि तोंडावर, हातांवर येतं. फडकं धरून हळूच उघडतो, असं म्हणणारेही भाजलेले आहेत. वरचा होज दाबून बघा. थंड आणि मऊ लागला तरच झाकणाला हात घाला. हातमोजे आणि चष्मा घालाच.

हीटरचं तापमान पूर्ण गरमवर ठेवा. झाकण काढा, खाली पसरट भांडं ठेवा आणि रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यातला ड्रेन प्लग हाताने सैल करा. तो प्लास्टिकचा असतो, पक्कड लावली की तुटतो. आतली रबरी रिंग चपटी झाली असेल तर बदला, नाहीतर नवी गळती तिथूनच. प्लग नसेल तर खालचा होज काढावा लागेल. स्प्रिंगची क्लिप पकडीने दाबून मागे सरकवा, होज हाताने फिरवून चिकटलेला सोडवा आणि मग ओढा. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका; रेडिएटरचं प्लास्टिकचं तोंड तिथेच तडकतं. होज निघाला की आतलं सगळं एकदम कोसळतं, भांडं मोठं हवं. बाटलीही सोडवून धुऊन घ्या, गाळ तिच्या तळाशी साचलेला असतो.

प्लग लावा, डिस्टिल्ड वॉटर भरा, इंजिन चालू करा. थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर उघडणारी झडप) उघडेपर्यंत पाणी ब्लॉकमधून रेडिएटरमध्ये फिरत नाही, आणि तो साधारण ८२ ते ९० अंशांना उघडतो. म्हणून पाच मिनिटं चालवून बंद केलंत तर धुतलं गेलं ते फक्त अर्धं. दोन्ही होज गरम लागायला हवेत आणि हीटरमधून गरम हवा यायला हवी. त्यानंतर दहा मिनिटं चालू द्या, बंद करा आणि पूर्ण थंड होऊ द्या. घाई करून गरम इंजिनात थंड पाणी ओतलं तर ॲल्युमिनिअमचं हेड वाकू किंवा तडकू शकतं. तीन खेपा आणि शेवटची भरणी म्हटल्यावर हे काम एका दुपारी उरकत नाही, शनिवार-रविवार धरा. मधल्या रात्री पारा शून्याखाली जाणार असेल तर नुसतं पाणी आत ठेवून गाडी उभी करू नका, गोठून फुगलेलं पाणी ब्लॉक फोडतं.

नवं कूलंट हळू ओता, लिटरला मिनिटभर तरी द्या. भराभर ओतलं की हवा आत कोंडते. थर्मोस्टॅटपाशी किंवा हीटरच्या होजवर हवा काढायचा स्क्रू असेल तर तो उघडा ठेवा आणि बुडबुडे थांबून सलग धार आली की बंद करा. गाडीचं नाक थोडं उंचावर असेल तर हवा झाकणाकडे येते. मग इंजिन चालू करून रेडिएटरचा पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबा, होज मधूनमधून दाबा, पातळी उतरेल तशी भरा आणि झाकण लावा. हीटर मध्येच गार हवा टाकतो, डॅशबोर्डमागून खळखळ ऐकू येते किंवा तापमानाचा काटा वरखाली होतो, असं काही झालं तर आत हवा राहिली आहे. इंजिन थंड करून ती हवा पुन्हा काढा. काटा लालकडे गेला तर "हवा निघेल आपोआप" म्हणून चालवत राहू नका. काही गाड्यांत बिनस्क्रूची रचना असते आणि निर्वात करून कूलंट ओढून घ्यावं लागतं, तसं पुस्तिकेत असेल तर शेवटची भरणी गॅरेजमध्ये करा. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असलेल्या वाचकांनी तर हे काम घरी करूच नये. तिथे इन्व्हर्टरचा आणि बॅटरीचा वेगळा फेरा असतो, काहींना वीज कमी वाहणारं खास कूलंट लागतं आणि हवा काढायला स्कॅनर जोडावा लागतो.

नंतरचे तीन-चार दिवस रोज सकाळी थंड इंजिनावर पातळी बघा. पहिल्या दोन दिवसांत थोडी उतरली तर उरलेली हवा निघाली असं समजा, पुढे ती हलता कामा नये.

काढलेलं कूलंट झाकणाच्या डब्यात भरून ठेवा आणि वापरलेलं ऑइल घेणाऱ्या केंद्रात किंवा गॅरेजमध्ये द्या. तिन्ही धुण्यांचं पाणीही त्याच डब्यांत. गटारात, झाडांच्या बुंध्याशी नको. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, त्यामुळे कुत्री-मांजरं ते चाटतात आणि थोडक्या मात्रेनेही त्यांची मूत्रपिंडं निकामी होऊन ती मरतात. लहान मुलांनाही तोच धोका. भांडं उघडं ठेवून चहाला आत जाऊ नका. जमिनीवर सांडलेलं लगेच माती किंवा भुसा टाकून उचला.

राहिला सासऱ्यांचा प्रश्न. त्यांच्यापुढे "साधं पाणी चूक आहे" असं मांडण्यापेक्षा त्यांना एक प्रश्न विचारा: तुमच्याकडे गाडी असताना किती दिवसांनी पाणी घालावं लागायचं? त्या उत्तराचा खरंच उपयोग आहे. आधी वर्षातून एकदा लागत होतं आणि आता तीन आठवड्यांनी लागतं असं निघालं, तर गळती कधी सुरू झाली ते कळेल, आणि रेडिएटर किंवा पंप कधी बदलला होता हेही बोलता बोलता आठवेल. चिकटपट्टीवरची पातळी रोज सकाळी बघायचं काम त्यांनी घेतलं तर उत्तमच. अडीअडचणीला, रस्त्यात दुसरं काही नसताना, थंड झालेल्या इंजिनात साधं पाणी घालून घर गाठावं हे त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. घरी आल्यावर गळती शोधायची आणि प्रमाण पुन्हा मोजायचं, एवढीच भर.

काम संपलं की बॉनेटच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवा: तारीख, किलोमीटर, कूलंटचं नाव आणि स्पेसिफिकेशन. त्याच कूलंटमध्ये निम्मं डिस्टिल्ड वॉटर मिसळून एक लिटर तयार करा, बाटलीवर मोठ्या अक्षरांत "कूलंट, विष" असं लिहा आणि ती डिकीत मुलांच्या हाताला येणार नाही अशा कप्प्यात ठेवा. ती कुठे आहे ते सासऱ्यांना दाखवून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी बॉनेट उघडल्यावर त्यांचा हात पाण्याच्या तांब्याकडे न जाता तिच्याकडे जाईल.